चार जणांसाठी आमटी

नगरमध्ये हॉटेल काढणाऱ्या माणसाला दोनच गोष्टींची धास्ती असते. एक म्हणजे ऐन गर्दीत संपणारी गॅसची टाकी आणि दुसरा मी.

मी म्हणजे कल्याण. बत्तीस वर्षं कोर्टात नोकरी केली, शिरस्तेदार म्हणून रिटायर झालो. दर रविवारी इथल्या एका दैनिकात माझं सदर येतं, ‘ताटाचा निकाल’. हॉटेलात जायचं, जेवायचं आणि निकाल द्यायचा. जेवण चांगलं असेल तर ‘दावा मंजूर’. बरं असेल तर ‘पुढील तारीख’. वाईट असेल तर ‘दावा खर्चासह फेटाळण्यात येतो’. बत्तीस वर्षं दुसऱ्यांनी दिलेले निकाल फायलीला लावले, स्वतःला एकही देता आला नाही. ती सगळी हौस आता पनीरवर भागवतो.

मला राग लवकर येतो हे मान्य. पण येणार नाही तर काय? सावेडीला एक नवीन हॉटेल निघालं. दारात बैलगाडी, तिला फायबरचे बैल. वेटरला धोतर, डोक्याला फेटा आणि पायात स्पोर्ट्स शूज. मेनूकार्डावर ‘चुलीवरचं मटण’. मी म्हटलं, चूल दाखवा. मॅनेजर म्हणाला, “सर, चूल डिस्प्लेला आहे.” कोपऱ्यात चूल होती खरी. तिच्यात वार्निश मारलेली लाकडं आणि लाकडांच्या आत लाल बल्ब. रस्सा अनलिमिटेड होता, मटण मात्र मोजून. फेटाळला!

मनमाड रस्त्याला कोल्हारकडं जाताना एक फॅमिली गार्डन आहे. बागेत सिमेंटचा जिराफ. मेनूकार्ड अकरा पानांचं आणि रस्सा एकच. त्यात शेव टाकली की शेवभाजी, अंडं टाकलं की अंडाकरी, काजू टाकले की बिल वाढतं. मी तसंच लिहिलं. मालकाचा फोन आला, “साहेब, जिराफाबद्दल तरी चार शब्द चांगले लिहायचे.”

पुस्तकांचीही तीच तऱ्हा. माझ्याकडं पाककृतींची एकशे चाळीस पुस्तकं आहेत. ‘मीठ चवीनुसार.’ अहो, चव कळत असती तर पुस्तक कशाला विकत घेतलं असतं? ‘कांदा गुलाबी होईपर्यंत परता.’ गुलाबी कांदा मी आजवर पाहिलेला नाही. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखिकेची आजी असते, आजीच्या हाताला चव असते, आणि पाचव्या पानापासून थेट पास्ता. आजीचा एक पदार्थ पुढं सापडेल तर शपथ.

माझी बायको राही म्हणते, “एवढी पुस्तकं वाचून माणूस डॉक्टर झाला असता. तुम्हाला लायटर कुठं असतो ते माहीत नाही.”

ते खरंच आहे. मी आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही. न्यायाधीश कुठं चोऱ्या करायला जातो, असं मी तिला म्हणत असे.

तर मागच्या वर्षी पुण्याच्या एका प्रकाशनातून फोन आला. दिशा नावाची संपादिका, आवाजावरून पंचविशीची. माझी सदरं वाचून तिला पुस्तक करावंसं वाटलं. ‘नगरचं ताट’. साठ पदार्थ, साठ फोटो. मी तीन रात्री झोपलो नाही. माझ्या कपाटातल्या एकशे चाळिसांत माझं एकशेएकेचाळिसावं!

“पण काका,” दिशा म्हणाली, “एक पदार्थ असा पाहिजे जो कुठल्याच पुस्तकात नाही. हुकमाचा एक्का.”

माझ्याकडं तो होता. काष्टीची आमटी. अडचण एवढीच होती की ती आमटी खायची तर गावात कुणीतरी मरावं लागतं.

काष्टी हे राहीचं माहेर. सहा वर्षांपूर्वी तिचे एक चुलते वारले, त्यांच्या दहाव्याला आम्ही गेलो होतो. नदीवर विधी झाला, प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची अकरा भाषणं झाली. त्यातले नऊ वक्ते पुढच्या निवडणुकीला उभे राहणारे होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एकदाच्या पंगती बसल्या. बादलीतून वगराळ्यानं आमटी आली. हरभऱ्याच्या डाळीची, काळसर, वर लालबुंद तवंग. मी चपाती बुडवली, घास घेतला आणि माझं भान सुटलं.

“वा! वा रे वा! काय आमटी आहे!” मी पंगतीत ओरडलो. “कुणी केली? बोलवा त्यांना!”

दोनशे माणसांचे हात ताटात थांबले. वाढपी बादली घेऊन जागच्या जागी उभा राहिला. चुलत्यांच्या थोरल्या मुलानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, लोकांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा एकदा ‘वा’ म्हटलं.

परतताना गाडीत राहीनं मला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ होता.

“आमच्याकडं दहाव्याच्या जेवणाला कुणी चांगलं म्हणत नाही. वाईटही म्हणत नाही. मुकाट्यानं जेवायचं आणि उठायचं.”

“का पण?”

“चांगलं म्हणणं म्हणजे पुन्हा खावंसं वाटणं. पुन्हा म्हणजे कधी? पुढचं कोण जाईल तेव्हा?”

जावई म्हणून गावानं सोडून दिलं, नाहीतर मारच खाल्ला असता.

ती आमटी करणारा माणूस म्हणजे कारभारी, राहीचा चुलतभाऊ. तेव्हा सदुसष्टचा असेल. पाच एकर रान, दोन गाई आणि खांद्यावर कायम एक पंचा. आचारी वगैरे काही नाही. पण गावात कुठल्याही घरी दहावा असला की पहाटे चार वाजता कढईपाशी हजर. नारळसुद्धा घेत नसे. त्या दिवशी पंगत उठल्यावर तो माझ्याजवळ आला होता. मला वाटलं, आता झापतो. तो खालच्या आवाजात म्हणाला, “दाजी, लई मोठ्यानं बोलता तुमी.” आणि हसला.

तर दिशाचा फोन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी वही घेऊन मी काष्टीला. कारभारी गोठ्यात होता, त्याची बायको मालनबाई ओसरीवर शेंगा फोडत होती.

“भाऊ, आमटीचं लिहून घ्यायचंय. पुस्तकात छापणार आहे. चार जणांसाठी डाळ किती?”

कारभारीनं शेणाचं घमेलं खाली ठेवलं. “चार जनांची आमटी?”

“हो. पुस्तकात चार जणांचंच प्रमाण असतं.”

“दाजी, चार मानसं तर खांद्यालाच लागत्यात. जेवायला मागनं आख्खं गाव येतं.”

“मग घरी थोडी करून दाखवा.”

“घरात केली न्हवं,” मालनबाई शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, “तर कढईसकट भाईर काढीन ह्यांना. घरात कुनी गेलंय का?”

मार्ग एकच उरला. कसा ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. नोकरीत असताना पेपर हातात आला की मी आधी बदल्यांची बातमी बघायचो. आता निधनवार्ता बघू लागलो, तीही फक्त श्रीगोंदा तालुक्याची. काष्टीचं नाव दिसलं की कॅलेंडरवर दहा दिवस मोजून खूण करायची. वर्षभरात चौदा दहावे केले. आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम करायचा, पहाटे कढईपाशी बसून लसूण सोलायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून कारभारीचे हात बघायचे. वही पिशवीत.

“अहो, गेलेल्या माणसाचं नाव तरी माहीत आहे का?” राही विचारायची.

मला नसायचं. गावाला मात्र माझं फार कौतुक वाटू लागलं. जावई असावा तर असा, परक्याच्या दुःखालाही नगरहून धावून येतो, काही बोलत नाही, खाली मान घालून लसूण सोलतो. एका घरच्या म्हातारीनं तर माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. मी तिच्या खांद्यावरून खोबरं किती भाजलंय ते बघत होतो.

डाळ, कांदा, खोबरं, आलं-लसूण, सगळं पायलीच्या हिशोबानं वहीत उतरलं. पण मसाल्याला मी अडलो. काळा मसाला कारभारी मुठीनं टाकायचा. एका दहाव्याला आठ मुठी, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला सहा. माणसं तेवढीच, डाळ तेवढीच. बत्तीस वर्षांची कोर्टाची सवय, मला राहवेना.

“भाऊ, तुमच्या कामात एकवाक्यता नाही.”

“ती काय असती?”

“परवा आठ मुठी टाकल्या, आज चार. नक्की किती?”

कारभारीनं उलथणं कढईच्या काठावर ठेवलं आणि पंच्यानं तोंड पुसलं. “परवा गेलेलं मानूस नव्वदीचं हुतं. पतवंडं खेळवून गेलं. अशा टायमाला आठ मुठी टाकायच्या. लोकं दोनदा वाढून घेत्यात, त्याच्या गमती सांगत्यात, हासत्यात बी. आजचं पोरगं तीस वर्साचं हाय. आज कुनाला भूक न्हाई, पर घरच्यांनी उपाशी ऱ्हाऊन बी भागत न्हाई. म्हनून चारच. निस्ती घशाखाली उतरंल एवढीच करायची.”

“आणि जमली की नाही हे कळतं कसं? कुणी काही बोलत तर नाही.”

“कढई बघायची. म्हाताऱ्याची कढई पुसून निघाली पायजे. तरन्याची उरली तरी चालतंय.”

मी हे सगळं शब्दशः लिहून दिशाला पाठवलं. तिचा फोन आला. “काका, सुंदर आहे! पण ‘मसाला : कोण वारलं त्यावर अवलंबून’ असं कसं छापणार? चमच्यात सांगा ना. आणि दहावा शब्द काढू या, निगेटिव्ह वाटतो. ‘काष्टीची शाही आमटी’ म्हणू. फोटो तांब्याच्या हंडीत काढू.”

मला खरं तर राग यायला हवा होता. वार्निश मारलेल्या लाकडांवर मी अर्धा रकाना लिहिला होता. पण पुस्तक माझं होतं. मी कॅल्क्युलेटर घेतला, आठ मुठींना दोनशे माणसांनी भागलं, चारनं गुणलं, आणि चिमटीभर मसाला आला. तेवढ्याशा मसाल्याला शाही कोण म्हणणार, म्हणून वाढवून अडीच चमचे लिहिले.

राहिली कारभारीची परवानगी. त्याचं नाव आणि फोटो छापायचा होता. तो म्हणाला, “आदी तुमची ती हाटेलं दावा.”

मी त्याला नगरला आणलं आणि त्या फायबरच्या बैलांच्या हॉटेलातच नेलं, कारण तिथं नव्यानं ‘गावाकडची आमटी थाळी’ सुरू झाली होती. कारभारीनं आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. “गरीब हायेत,” म्हणाला. आत बसलो. थाळी आली. त्यानं आमटीत बोट बुडवून चव घेतली, मग धोतरवाल्या वेटरला खुणेनं जवळ बोलावलं.

“ही कुनाच्या नावानं केलीय?”

“शेफ स्पेशल आहे, बाबा.”

“वय काय त्यांचं?”

“असेल अठ्ठावीस.”

“अरारारा,” कारभारी म्हणाला. “तरना गडी. मंग एवढी तिखट करत्यात व्हय?”

चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. वेटर आत जाऊन शेफला घेऊन आला, शेफही बिचारा ‘सॉरी बाबा’ म्हणून गेला. मला हसू आवरेना. बाहेर पडताना मी विचारलं, “भाऊ, खरं सांगा. कसं होतं जेवण?”

“पोट भरलं.”

“तसं नाही. चांगलं का वाईट?”

“दाजी, ज्यानं केलं त्यो आत घाम पुसत हुता. त्याला काय वाईट म्हनायचं?”

मी सदरात त्या हॉटेलाला किती शिव्या घातल्या होत्या ते त्याला सांगितलं नाही. स्टँडवर एसटीत बसताना तो म्हणाला, “छापा तुमी. माजी काय ना न्हाई. निस्तं एक करा, आदी सोताच्या हातानं करून बघा. मंग छापा.”

“करतो,” मी म्हटलं.

राहीनं मला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं. “माझ्या घरात कुणी गेलेलं नाही. ही आमटी इथं शिजणार नाही.” मी फारसा आग्रह धरला नाही. लायटर कुठं असतो इथपासून सुरुवात होती. आठ दिवसांनी कारभारीचा फोन आला.

“केली का, दाजी?”

“केली,” मी म्हटलं.

“कशी काय झाली?”

“एकदम फक्कड.”

“कढई पुसून निघाली का?”

“निघाली ना! राहीनं बोटं चाटली.”

राही समोर भाजी निवडत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा भाजीकडं बघितलं. फोनवर कारभारी खाकरला. मग म्हणाला, “बरं झालं. आता मी मेलो तरी गावाची काळजी न्हाई.” आणि हसला.

पुस्तकाची शेवटची प्रुफं आली त्याच आठवड्यात, कांद्याला पाणी देऊन आल्यावर, कारभारी ओसरीवर टेकला तो उठलाच नाही. त्र्याहत्तर पुरी झाली होती. दोन मुलींची लग्नं, पाच नातवंडं, एक पणतू. बातमी पेपरात यायच्या आधीच राहीला फोन आला होता. त्या वेळी मी कॅलेंडरवर खूण केली नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी आम्ही काष्टीत पोचलो. अंगणात माणसं बसली होती. उद्याच्या कढईचा विषय निघाला. इतकी वर्षं हा प्रश्न गावाला पडलाच नव्हता. कारभारीचा पुतण्या गोरक्ष म्हणाला, “श्रीगोंद्याहून आचारी आनू.”

आतून मालनबाईंचा आवाज आला. नऊ दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या. “आचारी कशाला? दाजींनी घरी केली हाय. ह्यांनी मला सांगितल्तं, दाजींची कढई पुसून निघाली म्हनं.”

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडं वळली. चौदा दहाव्यांना लसूण सोलणारा जावई. त्यांच्या डोळ्यांत एवढा विश्वास होता की खरं सांगायची सोय उरली नाही. मी राहीकडं बघितलं. ती एका शब्दानं मला वाचवू शकत होती. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, “हो तर. करतील की.”

रात्रभर तळमळलो. पहाटे चारला कढईपाशी उभा राहिलो तेव्हा हातात माझ्याच पुस्तकाचं प्रूफ होतं, पान एकशे बारा, ‘काष्टीची शाही आमटी, चार जणांसाठी’. नेहमीसारखी दोनशे माणसं जेवायला येणार होती. मी पानाकडं बघत गुणाकार करू लागलो. गोरक्षनं पान माझ्या हातातून घेतलं, एकदा वाचलं आणि चुलीखाली सारलं. मला राग आला नाही. लाकडं ओली होती, पेटायला कागद हवाच होता.

मग मी आठवायला लागलो. पानातलं काही आठवेना, कारभारीचे हात मात्र सगळे आठवले. डाळ शिजली की तो रवीनं घोटायचा आणि डाळीचंच पाणी परत घालायचा. खोबरं निखाऱ्यावर काळं होऊ लागलं की आधी नाकानं ओळखायचा. उलथणं उजवीकडून फिरवायचा आणि मधेच थांबून कढईचं ऐकायचा. मी तसं तसं करत गेलो. हाताला दोन फोड आले, धोतर नव्हतं म्हणून पॅन्ट जळाली. डाळीला उकळी फुटली तेव्हा उजाडलं होतं.

गोरक्षनं मसाल्याची परात पुढं केली. “आठ मुठी ना, दाजी?”

आठच. यात शंकेला जागा नव्हती. त्र्याहत्तर वर्षं, भरलेलं घर, हाल न होता गेलेला माणूस. नियम त्यानंच सांगितलेला. मी एक मूठ टाकली, दुसरी टाकली, तिसरी, चौथी. पाचव्यांदा परातीत हात घातला आणि तो वर येईना.

मी चौदा दहावे जेवलो होतो. एकाही माणसासाठी मला वाईट वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? त्यातल्या बाराजणांची तर नावंही आठवत नव्हती. आणि आता या एका माणसाची भरलेली त्र्याहत्तर वर्षं मला पुरत नव्हती. मला तो माणूस इथं उभा पाहिजे होता. खांद्यावर पंचा टाकून, ‘लई मोठ्यानं बोलता’ म्हणायला. आणि मी त्याला शेवटच्या फोनवर थाप मारली होती.

“चारच,” मी म्हटलं.

“म्हातारं हुतं की वो, दाजी.”

“चारच.”

गोरक्षनं परात बाजूला ठेवली.

दुपारी पंगती बसल्या. मी बादली घेऊन स्वतः वाढायला निघालो. पहिला घास घेताना लोकांनी एकमेकांकडं बघितलं. ते आठ मुठींच्या तयारीनं आले होते. कारभारीच्या गमती सांगायला, त्या वेटरची गोष्टसुद्धा गावभर झालेली होती. कुणी काही बोललं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. तीस वर्षांच्या पोराच्या दहाव्याला जेवतात तसे सगळे मुकाट्यानं जेवले आणि उठले. ‘अजून वाढा’ असं एकानंही म्हटलं नाही. हॉटेलवाले माझ्या सदराची वाट कशी बघत असतील, ते मला त्या पंगतीत फिरताना कळलं. निदान मी लिहायचो तरी.

शेवटची पंगत बायकांची होती. ती बसायच्या आधी मी कढईत डोकावलो. निम्मी कढई तशीच होती.

मी गोठ्यामागं जाऊन दिशाला फोन लावला. “एकशे बारावं पान काढून टाका.”

“काका! उद्या छपाईला चाललंय. तोच तर आपला एक्का आहे. झालं काय?”

“दावा फेटाळला.”

“कुणाचा?”

“माझा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. ती पुन्हा पुन्हा करत राहिली, मी उचलला नाही.

परत आलो तर मालनबाई भिंतीला टेकून ताटावर बसल्या होत्या. शेजारी राही. मालनबाईंनी मला खुणेनं बोलावलं. मी बादली घेऊनच गेलो आणि त्यांच्या समोर उकिडवा बसलो. आता मागं हटून उपयोग नव्हता.

“वहिनी, चुकलं माझं. घरी मी आमटी केलीच नव्हती. भाऊंना फोनवर खोटं सांगितलं.”

“ठाव हाय,” त्या म्हणाल्या. “त्यांना बी ठाव हुतं. फोन ठिवला आन् म्हनलं, दाजींनी कढईला हात लावल्याला न्हाई. लावला असता तर आदी हात पोळल्याचं सांगितलं असतं. म्हनून तर काल मी तुमचंच नाव घेतलं.”

मी हाताचे फोड मुठीत लपवले. “आणि आज तरण्याची आमटी झाली. गावाला गेली नाही. निम्मी कढई उरलीय.”

“गावाचं मला नका सांगू.” त्यांनी ताटातला चपातीचा तुकडा आमटीत दाबून भिजवला. “पंचावन वर्सं ऱ्हायली मी त्यांच्यासंगट. गावाला म्हातारं दिसत आसंल. धा दिसात माज्या घशाखाली घास उतरला न्हवता, दाजी. आज ही उतरली.”

राहीनं तोंडाला पदर लावला. मालनबाईंनी रिकामी वाटी माझ्यापुढं सरकवली.

“वाढा.”

मी वगराळं तळापर्यंत बुडवलं आणि वाटी भरली. कशी झालीय, हे मी विचारलं नाही.